न्हाणीघरातला बसचा दांडा

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. आतून पोकळ. मित्रांनो, मी दमलो आहे. मोडकंतोडकं सांगेन, चालवून घ्या.

जन्म: कुठल्याशा कारखान्यात. आठवत नाही.

उमेदीची वर्षे: बसच्या मागच्या दाराशी उभा. शाईचे हात, पिठाचे हात, घामेजलेले हात. माझा रंग त्यांनीच खाल्ला.

कौतुक:

(इथे काही नाही. धरलेल्या वस्तूकडे कोण बघतं?)

पुढे बस भंगारात निघाली आणि आमचे कंडक्टरही निवृत्त झाले. त्यांनी मला मागून घेतलं, खांद्यावर टाकून घरी आणलं आणि न्हाणीघराच्या भिंतीत आडवं बसवलं. त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे गुडघे गेले होते. काकू म्हणाल्या, "लोक बायकोला दागिने आणतात, ह्यांनी बस आणली." पण शेवटपर्यंत त्यांनी मलाच धरलं.

आता काकू नाहीत. कंडक्टरकाका धरतात. त्यांचेही गुडघे आता गेलेत.

हे घर तळमजल्यावरचं, भाड्याचं. घरमालक वर तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची आई जिन्यात पडली, तेव्हापासून ती घरातच अडकली. म्हणून मालकाला तळमजला हवा आहे. कोर्टाचा निकालही त्याच्या बाजूने लागला. इथे एखादा दुष्ट माणूस असता तर सांगणं सोपं झालं असतं. मालक तसा नाही. लहानपणी तो काकांच्याच बसने शाळेत जायचा. काका अजून त्याला चिडवतात, की अर्ध्या तिकिटाचा पोरगा आता अख्खं घर मागतो. त्याने काकांसाठी दुसरी खोलीसुद्धा शोधली होती.

मग एके दिवशी त्याने आईला घर दाखवायला खुर्चीत बसवून खाली आणलं. ती न्हाणीघरात आली. मला धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"ह्यांना कुठं पाठवतोयस?" तिने लेकाला विचारलं.

"आहे की खोली. पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर."

"मला जिना चढवत नाही. ह्यांना चढवतो होय रे?"

काका दारातून हळूच म्हणाले, "वहिनी, त्याचंही चुकत नाही. फक्त एक सांगतो. बसमध्ये कुणाला उठवायचं झालं, तर मी आधी त्याला धरायला जागा करून द्यायचो. मग म्हणायचो, उठा."

आईने मला सोडलं. मग म्हणाली, "मला वर न्या. ह्यांना तळमजला मिळाला, की मी येईन."

आणि खुर्ची पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली.

तेव्हापासून मालक कामावरून सुटला की खोल्या बघत हिंडतो. तळमजल्यावरची अजून मिळालेली नाही. वर आई भिंती धरून चालते, खाली काका मला. काकांनी निरोप धाडला, की दांडा इथेच राहू दे, वहिनींना लागेल. वरून उलटा निरोप आला, की दांडा त्यांनीच न्यावा. मला विचारलंत तर मी एकटा दोघांना पुरणार नाही.

मित्रांनो, कुणाला घर सोडायला सांगावं लागलं, तर सांगा. कधीकधी सांगावंच लागतं. पण त्याआधी एकदा त्याच्या न्हाणीघरात जाऊन या. तो माणूस कशाला धरून उभा राहतो, ते बघा. आणि ज्या घरात त्याला पाठवणार आहात, तिथल्या भिंतीवरून हात फिरवून या.