माझ्या पोटातलं तेल

मित्रांनो, सिरसाळ्याच्या बंद जिनिंग मिलमागे लिंबाखाली गंजत पडलेला ट्रान्सफॉर्मर म्हणजे मी. माझ्या पोटात तेल आहे. क्लोरीन घालून बनवलेलं, सहजासहजी पेट न घेणारं. चहूकडे कापूस असल्यामुळे तेव्हा त्याचं मोठं कौतुक होतं. दसऱ्याला मालक कल्याणराव स्वतः मला हळदकुंकू वाहत.

मिल बंद पडली आणि मला मागे आणून टाकलं. माझी रबरी पट्टी कुजली, तेल पाझरू लागलं, खालची माती काळी झाली. तेल मात्र कुजलं नाही. ते पाण्यात विरत नाही, अंगात शिरलं तर चरबीत साठून राहतं. हे मला सांगता येत नव्हतं.

पूर्वी मिलमध्ये झाडलोट करणाऱ्या केसरबाईंचे गुडघे धरले होते. वायरमन त्रिंबकनं त्यांना माझ्या तेलाची बाटली भरून दिली. चोळल्यावर बरं वाटलं, म्हणून त्या पुन्हापुन्हा येऊन माझी तोटी उघडू लागल्या. शेजारणींनाही त्यांनी मायेनं बाटल्या दिल्या. पुढे त्यांच्या मानेवर काळपट फोड आले. ते उन्हामुळे असतील, असं त्या समजल्या.

त्यांची सून वनमाला बाळंत झाली. ती माजलगावच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. सासूबाईंच्या मानेवरचे फोड आणि तेलाची बाटली पाहून तिला शंका आली, आणि एके सकाळी ती त्यांना घेऊन माझ्याजवळ आली. माझ्या अंगावरच्या पत्र्याची धूळ पदरानं पुसून तिनं त्यावरचं तेलाचं नाव वाचलं आणि ती झटकन सासूबाईंकडे वळली.

"आत्या, बाळाला हे लावलंत का?"

"न्हाई. बारसं झाल्यावर लावणार व्हते."

"आदी हात साबणानं धुवा. तवर त्याला घेऊ नका."

"म्या काय इख लावते का माझ्या नातवाला?"

"इखच हाय, आत्या. तुमाला कुणी सांगितलंच न्हाई."

केसरबाई खाली बसल्या. आपले तळहात त्या पदराला पुसू लागल्या.

चार दिवसांनी भंगारवाला पप्पू मला फोडायला आला. तेल तो ओढ्यात ओतणार होता. त्याच ओढ्याकाठी गावची विहीर आहे. केसरबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हितं एक थेंब सांडायचा न्हाई."

"मावशी, नुसतं तेल हाय."

"मी बी तेच म्हणत व्हते, पप्पू."

वनमालानं कल्याणरावांना बोलावून आणलं. त्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलं. त्यांच्या माणसांनी मला परातीसारख्या मोठ्या लोखंडी ट्रेमध्ये ठेवून तोटी बंद केली. मंडळाकडून मला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

केसरबाईंनी घरोघर जाऊन बाटल्या परत आणल्या आणि माझ्याशेजारी ओळीनं मांडल्या. शेजारच्या सावित्रीबाईंची बाटली रिकामी होती.

"सावित्री म्हणाली, लेकीच्या बाळालाबी चोळलं, लई गुण आला," केसरबाई सुनेला म्हणाल्या. "तिला काय सांगू गं?"

वनमाला सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "खरं तेच सांगू. मी येते संगं. बाळाला दवाखान्यात न्यायला पायजे."

दोघी सावित्रीबाईंच्या घराकडे गेल्या.

मित्रांनो, मी निकामी झालो, पण माझ्या पोटातलं तेल अजून निकामी झालेलं नाही. अशा वस्तू टाकून देऊ नका, फोडू नका. त्यांच्यात काय आहे ते जो जाणतो, त्यानं दुसऱ्याला वेळेवर सांगावं.