डेलिया अजून ओला आहे

आमच्या ह्यांना गावात सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं ह्यांच्या हातचं. तैलरंगांची पेटी मात्र वर्षातून एकदाच निघते, आणि त्या दिवसापासून घरभर टर्पेंटाइनचा वास आणि माझ्या डोक्याला ताप.

यंदा पेटी निघाली ती वन्संसाठी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. नवरा गेल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या, सव्वीस वर्षं. आता पंधरा दिवसांनी कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या, चौथ्या मजल्यावर, जिथे माती म्हणून नाही. परसातला फुलांचा वाफा त्यांचा. "जाताना माझी फुलं काढून दे," एवढंच त्यांनी भावाकडे मागितलं.

खोटं कशाला बोलू, त्या जाणार म्हणून मला रडू येत नव्हतं. मी घासलेलं भांडं उजेडात धरून "पुन्हा घास" म्हणणारं माणूस सव्वीस वर्षं सोसलंय मी.

माडीवर खिडकीशी, काठाचा टवका उडालेल्या बरणीत फुलं मांडली. हे सकाळी पाट्या रंगवायला जात आणि दुपारी तीन ते पाच, उजेड बरा असताना, चित्राला बसत. समोर दिसेल तेच काढायचं, मनचं एक पान घालायचं नाही, असा ह्यांचा हट्ट.

सकाळी केर काढायला माडीवर मी जायची. मान टाकलेलं फूल वन्संना दिसलं तर दिवसभर ऐकावं लागणार! म्हणून मी ते उपटून वाफ्यातलं तसलंच ताजं कापून आणून खोचायची. डेलियाच्या जागी डेलिया, शेवंतीच्या जागी शेवंती. माझ्या लेखी फूल ते फूल.

नवव्या दिवशी हे पडलेल्या चेहऱ्याने खाली आले.

"माझे डोळे गेले वाटतं."

"काहीतरीच काय!"

"अगं, काल डेलियाचं तोंड दाराकडे होतं, आज खिडकीकडे आहे. शेवंती बोटभर उंच झालीय. काढलेलं खरवडतोय, पुन्हा काढतोय. तोडलेलं फूल वाढतं का कुठे?"

हा प्रताप माझाच, हे कळलं मला, पण मी चहा टाकायला वळले. दुसऱ्या दिवशी हे चष्मेवाल्याकडे जाऊन आले. नंबर होता तोच निघाला. मग पेटी आवरायला लागले. "नाही जमत मला आता. ताईला तूच सांग."

ब्रश पुसून फडक्यात गुंडाळायला लागले. मला राहवलं नाही.

"अहो, डोळे धडधाकट आहेत तुमचे. फुलं मी बदलते."

हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर बोटांवर दिवस मोजले. पाच. आता खरवडायला वेळ नव्हता. जे फूल ज्या दिवशीचं उतरलं होतं ते तसंच ठेवून त्यांनी मधल्या जागा भरल्या. एक फूल दाराकडे बघतंय, एक खिडकीकडे. गोंधळ नुसता, आणि तो माझ्यामुळे.

निघायच्या सकाळी वन्सं माडीवर आल्या. चित्राजवळ वाकून एकेक फूल बघू लागल्या. आता "पुन्हा घास" येणार म्हणून मी पदर खोचून तयार.

"हा डेलिया त्या वाऱ्याच्या दिवसाचा. पाकळी दुमडली होती," त्या म्हणाल्या. "ही शेवंती सोमवारची. हा गुलाब त्याच्या आदल्या दिवशीचा. एवढी फुलं एका दिवसात कधी फुललीच नाहीत माझ्याकडे. माझे इथले शेवटचे पंधरा दिवस आहेत हे."

मग माझ्याकडे वळल्या. "रोज सकाळी कात्री घेऊन कोण जातंय ते खिडकीतून दिसायचं मला. म्हटलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाफ्यात पाय ठेवला हिने."

मला रडूच आलं, आणि ते लपवायचं सुचलंही नाही.

त्यांनी चित्र उचलायला हात पुढे केला तसे हे ओरडले, "ताई, ओलं आहे ते! वाळायला महिना तरी जाईल."

"मग वाळलं की कळवा. मी येईन न्यायला."

त्या गेल्या. घर शांत झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. भांडी आता मीच उजेडात धरून बघते. सकाळी वाफ्याला पाणी घालते आणि वर जाऊन डेलियाला हळूच बोट टेकवते. ठसा उमटेल म्हणून हे ओरडतात. ओरडू देत.

आज बोटाला रंग लागला नाही. पदराला हात पुसला आणि वन्संना फोन लावला.