पडद्याच्या पाठीमागून

चांदपाशा मंठ्याहून स्वतः पिक्चरची सीडी, आमच्या भाषेत शिडी, घेऊन घरी आला, तेव्हाच मला संशय आला. त्याच्या दुकानात भाड्याने पिक्चर आणायला आमच्या घरचं कुणी कधी गेलं नव्हतं.

“भाभी, मालकांनी खास शोधायला लावला,” तो म्हणाला. “जुना हाय, पण कुठं कटलेला न्हाई. बिलकुल बराबर.”

माझ्या मालकांचं नाव रामकिसन. त्यांनी मला आपणहून एकच पिक्चर दाखवला होता, तो हाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मार खाऊन माहेरी, राजूरला निघून आले होते. हे न्यायला आले आणि तिथल्या तंबूत घेऊन गेले. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. पुढे गडीमाणसं, पाठीमागे बाया. आम्हाला सगळं उलटं दिसायचं. पण अक्षर कुणाला येत होतं?

पिक्चरमधली बाईही मार खाऊन घर सोडते. शेवटी फाट्यावर येते. तिथे पाटीला दोन फळ्या, दोन रस्ते. ती एका रस्त्याला लागते आणि पिक्चर संपतो.

“कुठं गेली वो ती?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“पाटीवर साफ लिहेल व्हतं. सासरी गेली.”

दुसऱ्या दिवशी मीही मुकाट्याने गेले.

पुढे मी म्हणायची, ती उजवीकडे गेली. हे म्हणायचे, डावीकडे. “तू पडद्यामागची. तुला उलटंच दिसणार.” मग घरात कुठलंही भांडण होवो, हे एवढंच बोलायचे.

आता आमची नात बेबीनंदा दिवाळीपासून घरी होती. हातावर उलथन्याच्या चटक्याचा डाग. उद्या नातजावई तिला न्यायला येणार होता आणि तिची पिशवी भरलेली होती.

“पोरीला पिक्चर दाखवा,” मालक म्हणाले. “बाईनं कसं ऱ्हावं ते कळंल.”

दुपारी दार लोटून बसलो. नायक मला राजबिंडा आठवत होता. हा तर पावडर लावलेला लोण्याचा गोळा निघाला.

“आजी, ह्याच्यासाठी रडलीस तू?”

“समद्या रडून राह्यल्या व्हत्या. मंग मीबी रडले.”

गाणं मात्र अजून तसंच होतं. माझे ओठ आपोआप हलले. मग नायकाने थापड मारली. तंबूत या थापडीला पुढून शिट्ट्या आल्या होत्या. इथे नुसता पंखा वाजत होता. बेबीनंदाने हात पदराखाली घेतला.

फाटा आला तसे मालक लगबगीने उठले. “झालं. गेली सासरी. बंद करा.”

“थांबव गं तिथंच,” मी म्हणाले.

बेबीनंदाने रिमोट दाबला. बाई डावीकडेच निघाली होती. तेवढं त्यांचं खरं होतं.

“वाचा की पाटी.”

“चष्मा न्हाई.”

चष्मा कपाळावर होता. मी साक्षरतेच्या वर्गाला जायचे तेव्हा हे हसायचे. मला तर वाचता येतंच, म्हणायचे. रोज पेपर धरून बसायचे, पण बातम्या रेडिओतल्याच सांगायचे.

मी टीव्हीपाशी गेले. उजवीकडच्या फळीवर ‘सांगवी’ होतं, पिक्चरभर ज्याचं नाव घेत होते ते सासरचं गाव. डावीकडे जोडाक्षर होतं. अडखळले.

“स्टे... श... न.”

“शिडी बदललेली हाय,” मालक म्हणाले.

“चांदपाशा म्हणला, कटलेला न्हाई. मंग तव्हा तुम्ही काय वाचलं?”

“समदे म्हणत व्हते, सासरी गेली.”

“कोण समदे?”

“म्होरं बसलेले.”

“त्यान्ला वाचता येत व्हतं?”

त्यांनी चष्मा डोळ्यावर ओढला आणि पंख्याकडे पाहत बसले.

बेबीनंदाने पिशवी उघडली आणि एकेक लुगडं परत दोरीवर टाकू लागली.

“काय करून राह्यली?” त्यांनी विचारलं.

“काही न्हाई, आबा.”

संध्याकाळी चांदपाशा शिडी न्यायला आला. मी म्हणाले, “उद्याचा दिवस राहू दे. जावई येणार हाय. त्याला तरी वाचता येतं का, पाहू.”