भागीतला ओव्हन

सन दोन हजार तेवीस. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलातच होऊन गेली होती, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात जळगाव असं तापलं होतं की दुपारी नळ सोडायचा तर हाताला फडकं गुंडाळावं लागे. त्याच आठवड्यात कोकिळाबाईंना कळलं की शेजारची प्रेमकुंवर सुरतेला चालली. चार दिवसांसाठी नव्हे, कायमची.

कोकिळाबाईंनी नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली होती. माहेर शिंदखेड्याचं. प्रेमकुंवर दाणाबाजारातल्या कांतीलाल शेटजींची बायको, तिचं माहेर धुळ्याचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या आणि दोघींच्या घरांची मधली भिंत एकच. तेव्हा दर आखाजीला दोघी एकाच एसटीने माहेरी निघायच्या. प्रेमकुंवर धुळ्याला उतरायची, कोकिळा पुढे जायची. त्या प्रवासांत प्रेमकुंवरने अहिराणी उचलली ती अशी, की घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि भांडायचं झालं की अहिराणी, हा तिचा शिरस्ताच होऊन बसला. पुढे शेटजी गेले, कोकिळाबाईंचे मास्तरही गेले. भिंत मात्र तशीच होती. लाटण्याने एकदा ठोकलं की चहा टाकलाय, दोनदा ठोकलं की हातातलं काम टाकून ये.

त्या उन्हाळ्यात प्रेमकुंवरला विषमज्वराने धरलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. मुगाचं पाणी दोन घोट घेतलं की ती वाटी सरकवून द्यायची. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेण्याचा तिचा जैन नेम. त्यामुळे रात्री भूक लागेल, मग काही खाईल, ही आशाही नाही. काट्यावर अडतीस किलो भरली.

मुलगा अखिल सुरतेहून आला, आईकडे बघून त्याचे डोळेच भरले. बाहेर ओट्यावर येऊन तो म्हणाला, "मावशी, मी हिला घेऊन जातो. एकटी इथे चक्कर येऊन पडली तर?"

"मी काय मेले का रे?"

"तू सत्तर वर्षांची. तूच पडलीस तर तुला कोण उचलणार?"

हे कोकिळाबाईंना फारच लागलं. त्या तावातावाने म्हणाल्या, "महिनाभर दे मला. दोन किलो वाढवून दाखवते."

अखिल हसला, पण माणूस शब्दाचा पक्का, बापासारखाच. "अकरा जूनला रविवार आहे. मी येतो. आपल्या दुकानातल्या काट्यावर चाळीस दिसलं तर मम्मी इथेच. नाही दिसलं तर बॅग मी भरणार, तू रडायचं नाही."

कोकिळाबाईंना वाटलं, आतून प्रेमकुंवर ओरडेल, भांडेल. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचं हे गप्प राहणंच कोकिळाबाईंना सुरतेपेक्षा भयंकर वाटलं.

घरी येऊन बघतात तर सून दिपमाला स्वयंपाकघरात आपला डबा भरत होती. ती विमा कचेरीत नोकरीला, आणि सकाळी साडेपाचला व्यायामशाळेत. मोबाइलवर बघून ती दर आठवड्याला एक पदार्थ करी. चीज किसायचं, त्यात अंडं फोडायचं, लसणाची पूड घालायची, मळून पातळ थापायचं आणि जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून त्यावर भाजायचं. कुरकुरीत लालसर तुकडे व्हायचे. कोकिळाबाई त्याला 'जिमची पापडी' म्हणून चिडवायच्या आणि सून ऑफिसला गेली की हळूच दोन तोंडात टाकायच्या.

"दिपमाला, या तुझ्या पापडीने वजन वाढतं का गं?"

"ताकद वाढते, आई. नुसती प्रथिनं आहेत यात. प्रेममावशींसाठी विचारताय ना? दोन-चार तुकड्यांत त्यांचं काम होईल. एक वाटी भात खायची गरज नाही."

"पण अंडं?"

"काढू."

"लसूण?"

"तीही काढू. पण मग राहिलं काय?"

"राहिलं ते मी बघते," कोकिळाबाई म्हणाल्या. "आणि तुझी अंड्याची कढई नको. माळ्यावरून ओव्हन काढ."

हा ओव्हन म्हणजे दोघींची भागीतली मालमत्ता. पंच्याऐंशी साली धुळ्याच्या प्रदर्शनातून घेतलेला, ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची चकती. तेव्हा एकटीला घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून घेतला आणि एसटीत मांडीवर घेऊन आणला. आखाजी ते दिवाळी एकीकडे, दिवाळी ते आखाजी दुसरीकडे. अट एकच, त्यात कधी अंडं जाणार नाही. सगळ्या गल्लीच्या नानखटाया त्यातून निघाल्या. गेल्या काही वर्षांत मात्र तो कोकिळाबाईंच्या माळ्यावर पडून होता, आणि कुणाची पाळी, हेही कुणी विचारत नव्हतं.

वायरीला चिंध्या गुंडाळलेल्या, पण लावल्याबरोबर कॉइल लाल झाली. दिपमाला दोन पावलं मागे सरकली. "आई, फुटणार नाही ना?"

"तुझ्या नवऱ्याच्या बारशाची बिस्किटं यात झाली. तेव्हा फुटला नाही तर आता काय फुटतो!"

मग कोकिळाबाईंनी सगळं मनाशी जुळवलं. बाजारातलं चीज कशाने विरजवतात कोण जाणे, प्रेमकुंवरला चालायचं नाही. म्हणून म्हशीचं दोन लिटर दूध उकळून, लिंबू पिळून घरीच पनीर केलं, पंच्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवला. त्यात कळण्याचं पीठ घातलं. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले; शिंदखेड्याहून आलेला डबा भरलेलाच होता. कळण्याची भाकरी प्रेमकुंवर लग्नानंतर पहिल्यांदा याच घरात जेवली होती आणि पाच भाकरी उडवल्या होत्या. तीळ, जिरं, मिरी, मीठ. अंड्याच्या जागी बांधायला दोन मोठे चमचे दही. मळलं, थापलं, सुरीने शंकरपाळ्यासारखं कापलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं.

काय वास सुटला! दिपमालाने मोजून चार खाल्ले आणि म्हणाली, "आई, माझ्यापेक्षा भारी झालंय. मला राग येतोय."

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. कोकिळाबाई डबा घेऊन जवळजवळ पळतच शेजारी गेल्या. प्रेमकुंवर उशीला टेकून बसली होती. डबा उघडला तशी तिने मान वळवली. नाक हललं. कोकिळाबाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा तिला कशाचा तरी वास घेताना पाहिलं.

"हाई काय शे व माय?"

"खाऊन बघ. अंडं नाही, लसूण नाही, कांदा नाही. आपल्याच ओव्हनमधलं."

"ओव्हन काढला?" प्रेमकुंवरने एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला. "कळणा घातलास."

"घातला."

"आणि अंड्याशिवाय बांधलं कशानं?"

"दोन चमचे दही घातलं."

तुकडा तोंडापाशी थांबला. "दही तापवून घेतलं होतंस?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोकिळाबाई बघत आल्या होत्या, प्रेमकुंवर कढी करताना आधी ताक तापवायची आणि मग डाळीचं पीठ लावायची. कच्चं दही आणि डाळ एकत्र आलं की ते द्विदळ, तिला वर्ज्य. आणि कळण्यात उडीद! अंड्याची आठवण ठेवली, लसणीची ठेवली, आणि नेमकं हेच विसरल्या.

"नाही तापवलं," त्या म्हणाल्या. खोटं बोलता आलं असतं. प्रेमकुंवरने खाल्लंही असतं. पण तिच्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती.

प्रेमकुंवरने तुकडा डब्यात परत ठेवला. कोकिळाबाई खाली बसल्या आणि त्यांना एकदम रडू आलं. "जा बाई तू सुरतेला. माझ्याच्याने काही होत नाही. मास्तर म्हणायचे तेच खरं, माझं अर्धं डोकं शाळेच्या कपाटात राहिलंय."

प्रेमकुंवरने खिडकीतून उन्हाकडे पाहिलं.

"दिवस बुडायला किती वेळ शे?"

"दीड तास असेल."

"पनीर उरलंय?"

"अर्धं पंच्यातच आहे."

"आणि पनीरचं पाणी? फेकलंस?"

"पातेल्यात आहे."

"मग रडतेस काय? उठ. आणि माले बी उठाड."

वीस दिवसांत ती संडासापलीकडे चालली नव्हती. कोकिळाबाईंच्या खांद्यावर हात टाकून ती दोन्ही उंबरे ओलांडून आली. दिपमालाने धावत जाऊन खुर्ची आणली. खुर्चीत बसल्याबरोबर प्रेमकुंवरने राज्य हाती घेतलं. ताट-परात नवी घे. दह्याचा हात धू. पनीरचं पाणी उकळ, गरम पाण्यातच पीठ भिजव, चिकटपणा येतो. मिरी जाड कुट.

दिपमाला म्हणाली, "मावशी, या पाण्यातही प्रथिनं असतात. जिममधली पोरं याचीच पूड दुधात कालवून पितात."

"आमी तर हाई पानी म्हशीले पाजूत," प्रेमकुंवर म्हणाली, आणि तिघीही हसल्या.

"पातळ थाप गं, कोकिळा. गोधडी शिवतेस का?"

"तू आजारी आहेस ना? मग गप्प बस."

"आजारी शे, आंधळी नही."

काचेच्या चकतीतून तिघी आळीपाळीने बघत होत्या. बाहेर ऊन गच्चीवरून समोरच्या भिंतीवर चढलं, भिंतीवरून निंबाच्या शेंड्याला लागलं. पावणेसातला झाकण उघडलं. गरम गरम तुकडा प्रेमकुंवरने फुंकर मारून तोंडात टाकला.

प्रेमकुंवर चावत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "मीठ कमी शे."

मीठ कमी आहे! म्हणजे चव आली! कोकिळाबाईंनी टाळी वाजवली. प्रेमकुंवरने त्या संध्याकाळी सहा तुकडे खाल्ले, वर उकळलेलं पाणी प्यायली, आणि सूर्य बुडायच्या आत हात जोडून मोकळी झाली.

त्या दिवसापासून ओव्हन थांबला नाही. रोज चारला भिंतीवर दोन ठोके पडत, आणि पुढे पुढे ते प्रेमकुंवरच्या बाजूने पडू लागले. तुकड्यांमागे भूक आली, भुकेमागे वरण-बट्टी आली, तूप आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती ओट्यावर बसून भाजीवाल्याशी अहिराणीत भांडली, तेव्हा गल्लीने ओळखलं की बाई बरी झाली.

अकरा जूनला अखिल उतरला. सगळी वरात दाणाबाजारात गेली. दुकान आता छगन सांभाळायचा. कांतीलाल शेटजींच्या हाताखाली तीस वर्षं काढलेला माणूस. त्याने काटा पुसून ठेवला होता. ज्वारीची पोती चढतात त्याच काट्यावर प्रेमकुंवर पदर सावरून उभी राहिली.

"मम्मी, कमरेचा जुडगा काढ."

"चावी नसली कमरेले तर मी पडी जासू."

"काढ म्हणतो ना!"

जुडगा कोकिळाबाईंच्या हातात आला. आकडे नाचले आणि थांबले. छगनने दबक्या आवाजात वाचलं, "एकोणचाळीस किलो आठशे वीस."

अखिलचा चेहरा पडला. त्यालाही मनातून हरायचं होतं, हे कोकिळाबाईंना तेव्हा कळलं.

"अक्का, काटा जरा हलका दाखवतो बरं का," छगन प्रेमकुंवरला म्हणाला.

"छगन, तीस वर्षांत हा काटा कधी हलका नव्हता," अखिल म्हणाला. "आज कसा होईल?"

कोकिळाबाईंनी पिशवीतला डबा काढून प्रेमकुंवरच्या हातात दिला.

"मावशी! डबा हातात धरलेला चालणार नाही."

"हातात नाही चालणार," कोकिळाबाई म्हणाल्या. "पोटात चालेल ना?"

तोवर प्रेमकुंवरने पहिला तुकडा तोंडात टाकलाही होता. डबा भरून आणण्यापासून रिकामा परत घेण्यापर्यंत सगळं दोघींनी घरूनच ठरवून आणलं होतं. शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झाली. हमाल पोतं खांद्यावर तसंच धरून उभा. प्रेमकुंवर शांतपणे, एकेक करून, नऊ तुकडे खाऊन गेली. दिपमालाने फुलपात्र पुढे केलं; ते उकळून गार केलेलं पाणी तिने घोट घोट संपवलं. मग डबा-फुलपात्र देऊन, दोन्ही हात बाजूला सोडून ती नवरीसारखी ताठ उभी राहिली.

छगन ओरडला, "चाळीस! वर वीस ग्रॅम!"

दाणाबाजारात एवढ्या टाळ्या कापसाला भाव फुटला तेव्हाही पडल्या नसतील. अखिलने आईला काट्यावरून उचलून खाली ठेवलं आणि तो कोकिळाबाईंच्या पाया पडला. "मावशी, तू मास्तरीण नाहीस, लबाड आहेस."

"माले नही जानं सुरतले," प्रेमकुंवर म्हणाली. महिनाभर जे बोलली नव्हती ते एवढंच होतं.

अखिल अजून सुरतेलाच आहे. दोन-तीन महिन्यांनी येतो आणि आईला आधी दुकानात नेतो, मग घरी. त्याची मुलगी विधी वसतिगृहात राहते. आजीला फोनवर विचारून तिने एकदा पापडी केली, दही तापवायला ती विसरली नाही. दिपमालाने व्यायामशाळा बदलली, पण आता अंडं घालत नाही, कळणा घालते. तिच्या मैत्रिणींसाठी शिंदखेड्याहून जास्तीचं पीठ मागवावं लागतं. छगनने काट्यामागच्या भिंतीवर खडूने चाळीसचा आकडा लिहून ठेवला होता. पुढच्या दिवाळीला रंग दिला तेव्हा त्याने तेवढी जागा सोडायला लावली.

कोकिळाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन चोवीस साली झालं. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांना पलंगावरून उठवून उभं केलं ते त्रेचाळीस किलोच्या प्रेमकुंवरने, आणि त्याच पावली तिने अखिलला फोन लावून ते सांगितलं.

ओव्हनची कॉइल एकदा गेली, छगनने नवी बसवून आणली. आखाजी आली, दिवाळी आली की ओव्हन घर बदलतो. झाकण एकीच्या हातात, बूड दुसरीच्या, आणि मधल्या दोन उंबऱ्यांवर 'सांभाळून, सांभाळून' म्हणत दोघी उगाचच थांबतात.