वालूरच्या दवाखान्यातला भेटीचा पंखा

मी एक जुना टेबलफॅन आहे. माझी पाती वाकली आहेत, जाळीला गंज चढला आहे आणि सध्या मी माळ्यावर पडून आहे. पण मित्रांनो, मला त्याचं दुःख नाही. मी वालूरच्या दवाखान्यात कसा आलो, याचीच मला लाज वाटते.

एका औषध कंपनीने मला विकत घेतलं आणि आपले प्रतिनिधी भुजंगराव यांच्या हाती पाठवलं. डॉक्टर सीताराम गावात नव्यानेच आले होते. खोली पत्र्याची, ऊन कडक. भुजंगरावांनी मला टेबलावर मांडलं आणि शेजारी सांधेदुखीच्या नव्या गोळ्या ठेवल्या.

"पोटाचा त्रास असेल त्यांना चालतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिनधास्त लिहा, सर," म्हणत भुजंगरावांनी माझं बटण दाबलं.

डॉक्टर आणखी काही विचारणार होते. पण गार वारं लागलं तसे हसले आणि प्रश्न सोडून खुर्चीत रेलले. तेव्हा मी किती तोऱ्यात फिरत होतो!

त्यानंतर गुडघे धरून येणारा प्रत्येक जण त्याच गोळ्या घेऊन जाऊ लागला. लेकरं माझ्यापुढे तोंड करून 'आ' म्हणत, थरथरता आवाज ऐकून खिदळत. मेंढरं राखणाऱ्या धुरपताबाईही गुडघे दाखवायला आल्या. "पोटात जळजळतंय बी," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. लिहिता हात थांबला नाही.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एकदा बंदमुळे एस.टी. सुटली नाही आणि भुजंगराव दवाखान्यातच अडकले. तेवढ्यात धुरपताबाईंचा मुलगा मुंजाजी आईला बैलगाडीतून घेऊन आला.

"डाक्टर, माय रगत ओकायलीय!"

डॉक्टर भुजंगरावांकडे वळले. "खरं सांगा. या गोळ्यांनी पोटात जखम होते?"

"होते, सर." भुजंगरावांची मान खाली गेली. "पोट दुखणाऱ्याला तर देऊच नयेत. कुणाला सांगू नका, असा वरून हुकूम होता."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. मी खोटं बोललो."

गावातली जीप मिळवून दोघांनी बाईंना परभणीला नेलं. तिथे भुजंगरावांनी आपलं रक्त दिलं. बाई वाचल्या. परतल्यावर डॉक्टर घरोघर हिंडले आणि त्या गोळ्या परत मागून आणल्या. भुजंगरावांनी आपल्या फेरीतल्या सगळ्या डॉक्टरांना खरं सांगितलं. कंपनीने त्यांना काढून टाकलं.

महिन्याभराने धुरपताबाई नवी घोंगडी घेऊन आल्या. "तुमी जीव वाचिवला. ही तुमाला."

डॉक्टरांनी हात मागे घेतले. "बाई, तुम्ही आजारी पडलात त्या माझ्याच गोळ्यांनी."

बाईंनी पुढे केलेली घोंगडी मागे घेतली. मग तिची घडी घालून खांद्यावर टाकली.

"तुमी इचारलं न्हाई, ते जाऊ द्या," उंबऱ्यातून त्या म्हणाल्या. "पर मी सांगत व्हते की."

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी औषधं विकेल. कंपनीची भेट दारात आली तर ती दारातूनच परत पाठवा. औषधाचा गुण सांगाल तसा त्याचा धोकाही सांगा. आणि समोरचं माणूस आपलं दुखणं सांगत असेल, तेव्हा हातातलं पेन आधी खाली ठेवा.