असलेल्या माणसाची फ्रेम

मकबूलभाईंच्या रविवार पेठेतल्या दुकानात कोणीही फोटो घेऊन आलं, की ते चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायचे, "असलेल्या माणसाचा की गेलेल्या?" त्यात दुखवायचा हेतू नसे. गेलेल्याच्या फ्रेमला ते वरच्या दोन कोपऱ्यांत हारासाठी पितळेचे बारीक आकडे बसवून द्यायचे. त्या दिवसांत घरच्यांवर हातोडी शोधायची वेळ येऊ नये, एवढंच. अर्ध्या पेठेचे आजे-पणजे त्यांच्या हातून भिंतीवर गेले. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकही फोटो नव्हता. त्यांच्याकडे ती रीतच नव्हती.

एकुलता एक नासिर या चेहऱ्यांतच वाढला. शाळेतून आला की दप्तर भिरकावून समोरच्या फोटोतल्या आजोबांसारखे ओठ मुडपून बसायचा. सासऱ्यांची फ्रेम न्यायला आलेल्या सुनीतीबाईंनी ते पाहिलं. त्या त्याच्याच शाळेत मराठी शिकवायच्या. "तोंड वाकडं करता येतं, आता सरळ बोलायला शिका," असं म्हणून त्यांनी त्याला स्नेहसंमेलनाच्या नाटकात घेतलं आणि वर्षभर उच्चार घासून घेतले. पुढे कॉलेजात एकांकिकेला बक्षीस मिळालं, मग प्रायोगिक नाटकं. तीन महिने तालीम आणि प्रयोग दोन! एका प्रयोगाला तर अकरा प्रेक्षक होते, त्यातले चौघे नटांचे नातेवाईक. त्या चौघांत अब्बा कधीच नसायचे. पोराचं हे सोंग किती दिवस चालणार, असं ते बायकोला, आबेदाला विचारत, तेही पोराच्या देखत. अब्बांनी एकदा, फक्त एकदा, हेही काम आहे असं म्हणावं, यापलीकडे नासिरला काही नको होतं.

चोविसाव्या वर्षी मालिका मिळाली. कर्वेनगरातल्या एका बंगल्यात शूटिंग होतं. भूमिका घरातल्या वारलेल्या धाकट्या मुलाची. आठवणींच्या प्रसंगांत हसायचं-बोलायचं, एरवी दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो. तुझ्या वडिलांचं दुकान आहे म्हणे, मग फोटो तूच फ्रेम करून आण, असं मालिकावाल्यांनी सांगितलं.

घरी नासिरनं मालिका मिळाली एवढंच कळवलं होतं. भूमिका कसली, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो फोटो घेऊन दुकानात गेला. मकबूलभाईंनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. सवयीनं तोच प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला आणि ते स्वतःच हसले. मुलासमोर कितीतरी दिवसांनी हसले. त्या हसण्यापुढे नासिरचं धैर्य संपलं.

"असलेल्याचा," तो म्हणाला.

झालं! एका शब्दात पोरानं सगळ्यावर पाणी फिरवलं. मकबूलभाईंनी ठेवणीतली सागवानी पट्टी काढली. कोपरे असे जुळवले की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. आकडे अर्थातच बसवले नाहीत. संध्याकाळी आबेदाला म्हणाले, पहिल्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना बोलव, सगळे मिळून बघू. सांगायला अजून आठवडा होता. नासिर आज सांगू, उद्या सांगू करत राहिला.

तो दिवस उजाडला. ईद नसताना आबेदानं शिरखुर्मा केला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालिकेतली आई उदबत्ती घेऊन भिंतीकडे वळली आणि फोटो दिसला. फोटो नासिरचा, फ्रेम मकबूलभाईंची, आणि त्या सागवानात कोणीतरी दोन जाड खिळे ठोकून चंदनाचा हार लटकवलेला. शेजारच्या शकीलानं घाईघाईनं टीव्ही बंद केला. आबेदानं नासिरचं मनगट धरलं ते सोडेचना. जिवंत पोराला चाचपत ती रडत राहिली. मकबूलभाई उठले, चपला घातल्या आणि बंद करून आलेलं दुकान पुन्हा उघडायला निघून गेले.

आठ दिवस ते नासिरशी बोलले नाहीत. आबेदाकडून निरोपही नाही. नासिरला अन्न गोड लागेना. मालिका सोडायची, असं त्यानं ठरवलं आणि नवव्या दिवशी सकाळी तेच सांगायला दुकानात गेला.

टेबलावर एक फ्रेम होती. त्याच फोटोची दुसरी प्रत, तेच माप, उरलेल्या तुकड्यांतून बेतलेली तीच सागवानी पट्टी. वरच्या दोन कोपऱ्यांत पितळेचे आकडे. त्यातला एक किंचित तिरका बसला होता. अब्बांचा आकडा तिरका बसलेला नासिरनं जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सोडतो हे, अब्बा."

"काम आहे ना ते? मग नीट कर." मकबूलभाई फ्रेम कागदात गुंडाळू लागले. "मी विचारतो ते उगाच विचारत नाही, नासिर. खरं सांगितलं असतंस तर मी करून दिली असती. कशी केली असती ते माझं मला माहीत, पण दिली असती. ही त्यांना दे. बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. आणि माझी परत आण."

नासिरनं ती त्याच दिवशी परत आणली. मकबूलभाईंनी खिळे उपटले, भोकं लांबी भरून बुजवली, वरून पॉलिशचा हात दिला. फोटो घरी लावायची रीत नव्हतीच. त्यांनी तो दुकानात, टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. लांबीचे दोन ठिपके जवळून बघितले तर अजून दिसतात. सकाळी काच पुसताना त्यांचा अंगठा तिथं घटकाभर थांबतो.

गिऱ्हाईक विचारतं, हे कोण हो?

"माझा मुलगा," मकबूलभाई सांगतात. "नाटकात काम करतो."