जांभळीखालची फुलं

आमच्या घरात माझ्या मताला कढीपत्त्याएवढी किंमत. आधी फोडणीत घालतात, मग ताटाच्या कडेला काढून ठेवतात. ज्याला पान नाही त्या फुलावर विश्वास ठेवू नये, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेही असंच कडेला गेलं.

मी विठा, नाथाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर नाथाने मला बदलापूरच्या या घरी परत आणलं आणि आजवर एका शब्दाने हिणवलं नाही. माझं म्हणावं असं दुसरं माणूस मला नाही. म्हणून तर मी त्याच्यावर ओरडते.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी बांधावरच्या धाकट्या जांभळीखाली ती फुलं पहिल्यांदा दिसली. मातीतून सरळ वर आलेले देठ, तांदळाच्या धुवणाच्या रंगाची फुलं, आणि हिरवं म्हणून काहीच नाही. नाथाची बायको संजीवनी, तिने लगेच हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी त्या झाडाला जांभळं अशी लगडली की पान दिसेना. नाथा म्हणाला, देवी पावली. पुढे श्रावणात, वारा नसताना, भरदुपारी ते झाड आडवं झालं. वर पाला हिरवागार होता आणि खाली मुळं भिजलेल्या पोह्यांसारखी हातात कुसकरत होती. सालीखाली दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर धरला होता. नाथाने पावसाला दोष दिला आणि फांद्या चुलीसाठी तोडून ठेवल्या.

या वर्षी फुलं पुन्हा आली. मेलेल्या झाडाच्या खोडाशी मात्र एकही नव्हतं. सगळी थोरल्या जांभळीच्या बुंध्याभोवती उभी होती, पंगतीला बसल्यासारखी. मला भीती वाटली आणि ती मी बोलून दाखवली. कुणी मान वर केली नाही.

नाथाचा मुलगा प्रज्वल आनंदनगरला कंपनीत आहे. त्याचे जुने साहेब शरदचंद्र, आता रिटायर होऊन अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहतात आणि असल्या फुलांच्या मागे वेडे असतात. प्रज्वलने फोटो पाठवला तसे ते लगेच हजर झाले आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी मातीत पालथे पडले.

"विठाताई, हे ऑर्किड आहे," ते मला म्हणाले. "याचं बी धुळीइतकं बारीक असतं. इतर बियांत असते तशी शिदोरी त्यात नसतेच. मातीतली बुरशी त्याला भरवते, तेव्हा कुठे ते रुजतं. बाकीची ऑर्किडं पुढे पानं काढून आपलं आपण बघतात. हे मात्र जन्मभर बुरशीच्याच जिवावर."

"म्हंजे आयत्या बिळावर नागोबा," मी म्हटलं.

ते अगदी खूश होऊन हसले.

"मंग त्या बुरशीला कोन भरवतो?"

साहेब हसायचे थांबले. त्यांची नजर बुंध्यावरून वर चढली, फांद्यांपर्यंत गेली आणि पटकन खाली आली. "पडलेला पाला खाते ती," ते कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाले.

मी बाजारातून बुरशी मारायचं औषध आणून मुळांत ओतायचं म्हटलं. त्यावर ते नाथाकडे वळले. बुरशी मेली की फूल गेलं, असं ठिकाण शोधून सापडत नाही, कशाला म्हणून हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातंय? पण नाथाला साहेबांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. त्याने फुलांभोवती दगडांचं कुंडाळं केलं आणि मला तिथे फिरकायची बंदी झाली.

मग थोरली जांभळ लगडली. इतकी, की फांद्या बांधाला टेकल्या. रोज सकाळी मी ते घोस बघायची आणि मला धाकटी जांभळ आठवायची.

शुक्रवारी प्रज्वलला सुट्टी, म्हणून जांभळं उतरवायची ठरली. मी गोठ्यातून येईपर्यंत नाथा वर चढलासुद्धा होता. खाली संजीवनी आणि प्रज्वल चादरीचं एकेक टोक धरून उभे. साहेब शेजारी फोटो काढत होते.

"नाथा, उतर खाली. झाराची मुळां कुजलीत," मी ओरडले.

"अक्का, तुजा रोजचाच हाय," तो वरून हसला आणि आणखी वरच्या फांदीवर गेला. त्याचंही खरं होतं. माझं ओरडणं म्हणजे घरातली भांडी वाजल्यासारखं, ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

मग मी चादरीचं तिसरं टोक धरलं आणि साहेबांकडे वळले. "सायेब, चौथा टोक तुमी धरा."

"माझी कंबर जरा..."

"वजन नाय उचलायचा. नुसता हितं उबा र्‍हायचा, झाराखाली. बुरशी पालाच खाते ना?"

साहेबांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. माणूस वाईट नसावा. चौथ्या टोकाला हात लावायला ते वाकलेसुद्धा. तेवढ्यात वर फांदी हलली, बुंधा बारीकसा करकरला, आणि साहेबांनी हात मागे घेतला. एक पाऊल, दुसरं, आणि मग ते वळले ते सरळ बांध उतरून विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. झाड पडलं तरी तिथवर पोचलं नसतं.

प्रज्वलने ते पाहिलं. संजीवनीनेही पाहिलं.

वर फांद्यांची सळसळ थांबली. झाडावरून सगळं दिसतं.

"अक्का," नाथाने विचारलं. त्याच्या आवाजात हसू राहिलं नव्हतं. "सायेब लांब का गेला?"

"हलू नको," मी म्हटलं. "धक्का न देता, हलूहलू उतर."

त्याने एक पाय खालच्या फांदीवर सोडला. माझ्या टाचेखालची माती वर उचलली गेली. कुंडाळ्यातला एक दगड घरंगळला आणि बुंध्याभोवतीची सगळी फुलं एका अंगाला कलली. संजीवनी धावत सुटेल असं मला वाटलं, पण ती आणखी आत, बुंध्याकडे सरकली. प्रज्वलने साहेबांनी सोडलेलं चौथं टोकही उचललं आणि दोन्ही टोकं मनगटांना गुंडाळली.

आम्ही तिघांनी नाथाच्या खाली चादर ताणून धरली. जुन्या लुगड्यांची होती ती, जांभळं झेलायला शिवलेली.